विश्लेषण : इंजिन सुरू, तरी पाणी कमी! लक्ष्मणराव किर्लोस्करांचा वारसा पट्ट्याच्या ताणावर कसा टिकतो?

घोड आणि भीमेच्या काठावरील शिरूर व दौंड तालुक्यांत ऊस उभा राहिला तो पाण्याच्या बळावर. धरणे आणि कालवे झाले, पण नदीतले किंवा विहिरीतले पाणी बांधापर्यंत आणले ते इंजिन आणि पंपाने. अनेक ठिकाणी या दोघांना जोडणारा दुवा असतो एक साधा पट्टा. मराठी मुलखात शेतीयंत्रांचा कारखाना उभारणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जीवनप्रवास आणि या पट्ट्याचे शास्त्र यांचा हा आढावा.

लक्ष्मणराव यंत्रांकडे कसे वळले?

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव भागातील गुर्लहोसूर येथे झाला. शाळेपेक्षा त्यांचे मन चित्रांत आणि यंत्रांत रमे. वडीलबंधू रामूअण्णांच्या पाठबळावर ते मुंबईच्या जे. जे. कला शाळेत दाखल झाले. मात्र काही रंग आपल्याला नीट ओळखता येत नाहीत, हे तिथे लक्षात आले. चित्रकाराचा मार्ग बंद झाल्यावर त्यांनी यांत्रिक आरेखन शिकून घेतले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकाची नोकरी धरली. शिकवता शिकवता ते तेथील यंत्रे हाताळत, परदेशी तांत्रिक मासिके वाचत. हक्काची बढती डावलली गेली तेव्हा त्यांनी नोकरीवर पाणी सोडले आणि बेळगाव गाठले. तिथे दोघा भावांचे सायकलींचे दुकान १८८८ पासूनच होते. त्याच ‘किर्लोस्कर बंधू’ नावाखाली पुढे कारखानदारी सुरू झाली.

लोखंडी नांगर का पडून राहिला?

सुरुवात कडबा कापण्याच्या यंत्रापासून झाली. त्यानंतर लोखंडी नांगर आला. लाकडी नांगरापेक्षा तो खोल जाई, पण लोखंडाने जमीन बिघडते असा शेतकऱ्यांचा समज होता. त्यामुळे सुमारे दोन वर्षे नांगराला गिऱ्हाईक मिळाले नाही. यंत्र उत्तम असून भागत नाही, ते वापरणाऱ्याच्या शिवारात चालवून दाखवावे लागते, हा धडा लक्ष्मणरावांना इथे मिळाला. नांगर खपू लागले, तोच दुसरे संकट आले. गावाच्या विस्तारासाठी बेळगावातील कारखान्याची जागा सोडण्याची वेळ आली.

किर्लोस्करवाडी कशी उभी राहिली?

औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला धावले. त्यांनी कुंडल रोड स्थानकाजवळ माळरान दिले आणि भांडवलासाठी कर्जही दिले. मार्च १९१० मध्ये, आजच्या सांगली जिल्ह्यातील या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. वसाहतीची घडी रामूअण्णांनी बसवली, यंत्रांच्या घडणीत शंभोराव जांभेकरांची साथ मिळाली. नांगरापाठोपाठ उसाचे चरक, भुईमूग फोडण्याची यंत्रे बाहेर पडू लागली. १९२० मध्ये कंपनीची स्थापना झाली, तर १९२६ मध्ये अपकेंद्री, म्हणजे सेंट्रिफ्यूगल पंपाचे उत्पादन सुरू झाले. अमेरिकेतून शिकून आलेले पुत्र शंतनुराव यांनी पुढची धुरा उचलली आणि १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. लक्ष्मणरावांचे २६ सप्टेंबर १९५६ रोजी निधन झाले. नांगराने सुरू झालेला प्रवास इंजिनापर्यंत पोहोचलेला त्यांनी हयातीतच पाहिला.

यात पट्ट्याचे महत्त्व काय?

बैलावर चालणारे यंत्र एकाच कामाला जुंपलेले असते. इंजिनाला पुली आणि पट्टा मिळाला की तेच इंजिन सकाळी पंप, दुपारी कडबा कुट्टी आणि हंगामात उसाचा चरक चालवू शकते. वेगही बदलता येतो. १५०० फेऱ्यांच्या इंजिनावर सहा इंची पुली आणि यंत्रावर बारा इंची पुली असेल, तर यंत्र सुमारे ७५० फेऱ्यांनी फिरते. मात्र हे गणित पट्टा घसरत नाही तोवरच खरे.

पट्टा सैल राहिला तर नुकसान किती?

अपकेंद्री पंपात पाण्याचे प्रमाण वेगाच्या पटीत, तर पाणी चढवण्याची उंची वेगाच्या वर्गाच्या पटीत बदलते. म्हणजे पट्टा घसरून पंपाचा वेग १० टक्के घटला, तर उंची सुमारे १९ टक्क्यांनी घटते. पूर्ण वेगात २५ मीटर पाणी चढवणारा पंप मग २० मीटरच्या आसपास अडतो. शेत २२ मीटर उंचीवर असेल तर इंजिन धडधडते, डिझेल जळते, पण पाटात पाणी येत नाही. अशा वेळी दोष पंपाला दिला जातो, खोट मात्र पट्ट्यात असते.

पट्टा बसवायचा कसा?

पहिली गोष्ट म्हणजे दोन्ही पुली एका रेषेत हव्यात. त्यांच्या कडांना दोरी ताणून धरली की तिरपेपणा दिसतो. सपाट पट्टा आडवा चालत असेल तर ताणाची बाजू खाली आणि सैल बाजू वर ठेवावी. झोळ वर असला की पट्टा पुलीला जास्त वेढा घालतो आणि पकड वाढते. व्ही-बेल्टचा ताण तपासताना दोन पुलींच्या मध्यावर पट्टा दाबून पाहतात. अंतर एक मीटर असेल तर बेताच्या दाबाने साधारण १६ मिलिमीटर दबणे योग्य मानले जाते. पट्टा त्याहून सैल असेल तर घसरतो, तापतो आणि गुळगुळीत होतो. फाजील ताण दिला तर बेअरिंग आणि दांडा झिजतो. नवा पट्टा पहिल्या काही तासांत लांबतो, म्हणून ताण पुन्हा तपासावा लागतो. पट्ट्यांची जोडी असेल तर दोन्ही एकदमच बदलावेत, नाहीतर सगळा भार नव्यावर येतो. ही सर्व कामे इंजिन पूर्ण थांबल्यावरच करावीत. फिरत्या पट्ट्यात पदर, उपरणे किंवा सैल बाही अडकली की हात सोडवायलाही वेळ मिळत नाही. म्हणून पट्ट्यावर जाळी हवीच.

आज हे ज्ञान किती उपयोगी?

मोटार आणि पंप एकत्र असलेल्या मोनोब्लॉक संचांनी व पाण्यात बुडणाऱ्या पंपांनी शेतातला पट्टा बराच हटवला आहे. तरीही केडगाव, राहू परिसरातील गुऱ्हाळे, गावोगावच्या पिठाच्या गिरण्या आणि कडबा कुट्टी यंत्रे यांत पट्टा टिकून आहे. रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींतही पंखे आणि कॉम्प्रेसर चालवायला व्ही-बेल्ट लागतातच. लक्ष्मणरावांनी यंत्र शेतकऱ्याच्या दारात आणले. त्यातून पुरते काम करून घ्यायचे तर पुलीची रेषा आणि पट्ट्याचा ताण पाहणारी नजर चालवणाऱ्याकडेच असावी लागते.