मुक्या नायकाचा सोबती

पहिले महायुद्ध संपत आले होते. १५ सप्टेंबर १९१८ रोजी फ्रान्समधील फ्लिरे गावाजवळ, बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालेल्या श्वानगृहात एका अमेरिकी सैनिकाला जर्मन शेफर्ड जातीची मादी आणि तिची पाच पिल्ले जिवंत सापडली. त्यांतील दोन पिल्ले त्याने स्वतःजवळ ठेवली. फ्रान्समध्ये शुभशकुन म्हणून बाळगल्या जाणाऱ्या बाहुल्यांच्या जोडीवरून त्यांची नावे ठेवली गेली, रिन टिन टिन आणि नॅनेट. तो सैनिक म्हणजे ली डंकन.

डंकन यांचे बालपण पोरकेपणात गेले. वडील घर सोडून गेले आणि आईने नाइलाजाने मुलांना काही काळ अनाथालयात ठेवले. टाकून दिलेल्या जिवाविषयीचा त्यांचा जिव्हाळा तेथूनच आला असावा. अमेरिकेत पोहोचताच नॅनेट दगावली. मागे राहिला तो रिन टिन टिन.

१९२२ मध्ये लॉस एंजलिसच्या श्वानस्पर्धेत त्याने जवळपास बारा फुटांची उडी मारली. ती कॅमेऱ्यात टिपली गेली आणि डंकन यांना चित्रपटाचे स्वप्न पडले. वॉर्नर बंधूंच्या 'व्हेअर द नॉर्थ बिगिन्स' (१९२३) या चित्रपटाने ते साकार केले. १९२५ च्या 'क्लॅश ऑफ द वुल्व्ह्ज'मध्ये रिन टिन टिन लांडग्यांचा म्होरक्या झाला. त्याच्या चित्रपटांनी कंपनीला आर्थिक बळ दिले.

या यशाचे मर्म मूकपटाच्या स्वरूपातच होते. पडद्यावर माणूसही मुकाच असल्याने डोळे आणि देहबोली यांच्या बळावर कुत्रा त्याच्या बरोबरीने उभा राहू शके. शिवाय चित्रीकरण सुरू असताना डंकन कॅमेऱ्याआडून त्याला मोठ्याने सूचना देऊ शकत. बोलपट आला आणि दोघांचाही आधार सुटला. सेटवर मालकाला मौन पाळणे भाग पडले आणि बोलणाऱ्या नटांपुढे कुत्रा मागे पडला. ज्या कंपनीला त्याने सावरले होते, तिनेच १९२९ च्या अखेरीस त्याच्याशी असलेला करार संपवला.

१० ऑगस्ट १९३२ रोजी रिन टिन टिनचे निधन झाले. डंकन मात्र थांबले नाहीत. त्याच नावाचे कुत्रे ते घडवत राहिले आणि १९५४ मध्ये सुरू झालेल्या दूरचित्रवाणी मालिकेने हे नाव नव्या पिढीच्या घरांत पोहोचवले. १९६० मध्ये डंकन यांनीही जगाचा निरोप घेतला.

रिन टिन टिनची समाधी आज पॅरिसजवळील आस्निएर येथील प्राण्यांच्या दफनभूमीत आहे. रणभूमीत सापडलेले ते पिल्लू अखेर जन्मभूमीच्या कुशीतच विसावले.