विठोबाच्या दारातले साने गुरुजी

भगिनींनो, आपल्यापैकी बहुतेकींनी ‘श्यामची आई’ वाचले आहे आणि वाचताना डोळेही पुसले आहेत. ते लिहिणाऱ्या साने गुरुजींनी आपली भक्ती आचरणात कशी आणली, ते माझ्या साध्या भाषेत सांगते.

गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणात, दापोली तालुक्यातील पालगड गावी झाला. त्यांचे नाव पांडुरंग आणि आईचे यशोदा. घरात पूजाअर्चा, व्रतवैकल्ये सारे होते; पण आईने देव शिकवला तो माणसांतून. पुस्तकात एक प्रसंग आहे. अस्पृश्य मानलेल्या एका म्हाताऱ्या बाईला मोळी उचलून द्यायला कोणी पुढे येईना, तेव्हा आईने श्यामला पाठवले. मात्र घरी आल्यावर स्नान कर, असेही सांगितले. आईला रूढी पुरती सोडता आली नाही. तिचा मुलगा त्या वाटेवर पुढे गेला.

अमळनेरच्या शाळेत गुरुजी शिक्षक होते. १९३० साली नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगातच लिहिली गेली.

पुढे स्वराज्य दाराशी आले, तरी पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्यांना बंदच होते. चोखोबांसारख्या संताची समाधीही देवळाबाहेर, महाद्वारापाशी आहे. ज्या विठोबाला आपण माउली म्हणतो, तिच्या काही लेकरांनी बाहेर उभे राहावे, हे गुरुजींना सोसवेना. मंदिर उघडावे म्हणून त्यांनी उपोषणाचा निश्चय केला. त्याआधी सहकाऱ्यांच्या सांगण्यावरून ते काही महिने महाराष्ट्रभर हिंडले, गावोगावी लोकांना विनवले. त्या दौऱ्यात कितीतरी गावांतल्या विहिरी आणि देवळे खुली झाली.

१ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात त्यांनी अन्न सोडले. विरोध करणारेही विठोबाचेच भक्त होते. चालत आलेली रीत मोडली तर देव बाटेल, असे त्यांना मनापासून वाटे. खुद्द गांधीजींनीही उपोषण सोडण्यास सुचवले होते. गुरुजी गांधीजींना फार मानीत, तरी त्यांनी आपला निश्चय सोडला नाही. अखेर दादासाहेब मावळंकर मध्यस्थीला आले, बडवेमंडळींनी संमती दिली आणि १० मे रोजी उपोषण सुटले. त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदाही झाला.

११ जून १९५० रोजी गुरुजी गेले.

दोन्हीकडे श्रद्धा होती, मग बरोबर कोणती ते ओळखावे कसे? मला एवढेच कळते की, एका श्रद्धेचा भार दुसऱ्यांवर पडत होता, तर गुरुजींनी तो आपल्या अंगावर घेतला. त्यांनी कोणाला शाप दिला नाही, कुलूप फोडले नाही. उपाशी राहिले ते स्वतः.

आपल्या हातात पंढरपूरचे मंदिर नाही, पण मंडळाचे हळदीकुंकू आहे, भजन आहे. तिथे नवरा गेलेल्या बाईला कुंकू लावायला आपला हात पुढे होतो का? आपल्याकडे भांडी घासणारी बाई सतरंजीवर आपल्या शेजारी बसते का? देवाचे नाव घेऊन आपण कोणासाठी दार उघडतो आणि कोणासाठी लावून घेतो, हे प्रत्येकीने आपापल्या उंबरठ्यावर उभे राहून पाहावे.