सवयींमध्ये कर्करोग शोधणारे डॉ. खानोलकर

धोतर कमरेला रोज त्याच जागी घट्ट आवळले, की तिथली कातडी काळवंडते, जाड होते, कधी खाजते. वर्षानुवर्षे हे चालते आणि कोणाला त्यात काही वावगे वाटत नाही. पण नेमक्या याच जागी त्वचेचा कर्करोग झालेले रुग्ण डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या पाहण्यात आले आणि वैद्यकाच्या नोंदींत 'धोतर कर्करोग' हा नवा प्रकार दाखल झाला.

खानोलकरांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी क्वेट्टा येथे एका गोमंतकीय मराठा कुटुंबात झाला. १९२३ साली लंडन विद्यापीठातून त्यांनी विकृतिशास्त्रात एम.डी. पदवी घेतली. रोगाने शरीरातील ऊतींमध्ये काय बदल होतात, ते तपासणारे हे शास्त्र. भारतात परतल्यावर मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी ते शिकवले. परळला टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले, तेव्हा तेथील प्रयोगशाळांची सूत्रे त्यांच्याकडे आली.

भारतात कर्करोग फारसा होत नाही, असा समज त्या काळी होता. परळला येणारे रुग्ण वेगळेच सांगत होते. त्यातही तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण मोठ्या संख्येने येत. खानोलकरांनी अशा सलग एक हजार रुग्णांचा आढावा घेऊन १९४४ मध्ये तो प्रसिद्ध केला. सूक्ष्मदर्शकाखालचा तुकडा पाहून निदान लिहिले, की विकृतिशास्त्रज्ञाचे काम संपले असे मानले जाई. खानोलकर मात्र पुढचे प्रश्न विचारत. हा माणूस कुठला? काय चघळतो? तंबाखू तोंडात कुठल्या बाजूला धरतो?

या प्रश्नांची उत्तरे १९४५ च्या शोधनिबंधात दिसतात. सूर्याबाई या सहकारी संशोधिकेबरोबर लिहिलेल्या या निबंधात त्यांनी भारतातील तीन नवे कर्करोग मांडले. पहिला वर सांगितलेला धोतराचा. दुसरा आंध्रच्या किनारपट्टीवरचा. तिथे 'चुट्टा' नावाची जाड विडी ओढतात आणि अनेक जण, विशेषतः बायका, तिचे पेटते टोक तोंडात ठेवतात. धग थेट टाळूला लागते. एरवी क्वचित आढळणारा टाळूचा कर्करोग त्या भागात वारंवार दिसत होता. तिसरा बिहारकडचा. तिथे तंबाखू चुन्याबरोबर मळून तिची चिमूट, म्हणजे खैनी, खालचा ओठ आणि हिरडी यांच्या खाचेत ठेवतात. गाठ उठायची ती त्याच खाचेत.

तीन प्रांत, तीन सवयी आणि प्रत्येक ठिकाणी सवयीच्या जागेवरच रोग. यातून निघणारा अर्थ मोलाचा होता. हा कर्करोग नशिबाचा किंवा मागच्या जन्माच्या पापाचा भोग नव्हता. कारण हाताशी होते आणि हाताशी असलेले कारण दूर करता येते. महागडी यंत्रे नसलेल्या देशासाठी प्रतिबंधाचा हा मार्ग सर्वांत स्वस्त होता.

पुढे १९५२ मध्ये परळलाच भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले, ते खानोलकरांच्या पुढाकाराने. उंदरांमधील स्तनाच्या कर्करोगावर काम करणाऱ्या डॉ. कमल रणदिवे यांनी १९४९ मध्ये त्यांच्याच मार्गदर्शनाखाली पीएच.डी. मिळवली होती. पेशी काचेच्या भांड्यात वाढवण्याचे तंत्र त्यांनी पुढे या केंद्रात रुजवले. खानोलकरांनी स्वतः कुष्ठरोगाच्या अगदी सुरुवातीच्या चट्ट्यांचाही बारकाईने अभ्यास केला आणि या रोगात मज्जातंतू किती लवकर बाधित होतात, याकडे लक्ष वेधले. किरणोत्साराच्या परिणामांचा अभ्यास करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीत त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. 'पद्मभूषण' हा सन्मानही त्यांना लाभला. १९७८ मध्ये त्यांचे निधन झाले.

तंबाखू घातलेला विडा कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८५ मध्ये दिला, म्हणजे खानोलकरांच्या त्या निबंधानंतर चाळीस वर्षांनी. धोतर नेसणारे कमी झाले, पण परकराची नाडी कमरेला रोज एकाच जागी घट्ट बांधल्याने तिथे कर्करोग झालेल्या स्त्रियांच्या नोंदी मुंबईच्या डॉक्टरांनी अलीकडे केल्या आहेत. तंबाखूची चिमूट तर आजही खिशाखिशांत आहे.

चिमूट ठेवण्याच्या जागी पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, तोंड पूर्ण उघडेनासे झाले किंवा जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर डॉक्टरांना दाखवावे. तपासताना डॉक्टर तंबाखूची सवय विचारतात, तेव्हा ती लपवू नये. खानोलकरांच्या संशोधनाची सुरुवात याच प्रश्नापासून झाली होती.