विश्लेषण : पंडिता रमाबाईंनी दुष्काळातल्या मुली केडगावला का नेल्या?

१८९६-९७च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० निराधार मुली-बायकांना घेऊन परतल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते. एवढ्या नव्या माणसांना तिथे ठेवता येईना. मग केडगावच्या शेतावर त्यांची सोय झाली. तेच पुढचे ‘मुक्ती सदन’.

उपासमार रमाबाईंनी स्वतः भोगली होती. १८७०च्या दशकातील दुष्काळात त्यांचे आई-वडील आणि बहीण गेली. १८८३मध्ये इंग्लंडमध्ये त्या ख्रिस्ती झाल्या. १८८९मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले, ते पुढे पुण्याला आले. १८९३मध्ये धर्मांतराच्या वादातून रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. त्यांचा आक्षेप अगदीच निराधार नव्हता. पण या विधवांना घरात घेणारे तेव्हा कितीजण होते?

केडगावात प्रेम म्हणजे रोजचे काम. १९००च्या सुमारास तिथे जवळपास २००० जणी होत्या. एवढ्यांचे दोन वेळचे जेवण, शिवाय शेती, विणकाम, शाळा. समाजाने ‘पतित’ ठरवलेल्यांसाठी वेगळे कृपा सदन होते. अंध मुलींना रमाबाईंची लेक मनोरमा ब्रेल शिकवी. रमाबाई स्वतः हिब्रू, ग्रीक शिकून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल आणत होत्या. १९२१मध्ये मनोरमा वारली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, तेव्हा भाषांतर पुरे झाले होते. त्याचे खिळे जुळवले ते केडगावच्याच बायकांनी.