केसाच्या अंतरंगाचा शोधयात्री

आपले केस केराटिन या प्रथिनाचे बनलेले असतात, हा धडा मिहानमधील ‘एम्स’सह देशभरातील वैद्यकीय विद्यार्थी पहिल्याच वर्षी गिरवतात. मात्र या प्रथिनाची घडण उलगडण्यासाठी आयुष्य वेचणारे विल्यम ॲस्टबरी विस्मृतीतच राहिले.

इंग्लंडमधील लाँग्टन या मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या गावी २५ फेब्रुवारी १८९८ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील कुंभारकामातील कारागीर. शिष्यवृत्तीच्या बळावर ॲस्टबरी केंब्रिजला पोहोचले. पुढे विल्यम ब्रॅग यांच्या हाताखाली त्यांनी क्ष-किरणांद्वारे स्फटिकांची रचना अभ्यासली आणि १९२८ मध्ये ते लीड्स विद्यापीठात रुजू झाले. लोकरीच्या व्यापारावर पोसलेल्या त्या शहरात त्यांना संशोधनाचा विषय आयताच लाभला.

लोकरीच्या वा केसाच्या तंतूवर क्ष-किरण सोडले की छायाचित्रात विशिष्ट आकृती उमटे. ओला तंतू ताणताच ती पालटे आणि ताण सुटला की पूर्ववत होई. त्यावरून, प्रथिनाची साखळी मुळात घडी घातलेली असते आणि ताणल्यावर ती उलगडते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. या दोन अवस्थांना त्यांनी दिलेली अल्फा व बीटा ही नावे आजही रूढ आहेत. शेंगदाण्यातील प्रथिनापासून धागा तयार होऊ शकतो, हे जगाला पटावे म्हणून ते अशा धाग्याचा कोट अंगावर मिरवीत.

यशाने मात्र त्यांना उंबरठ्यावरूनच हुलकावणी दिली. त्यांनी कल्पिलेली घडी सपाट होती. ती वस्तुतः मळसूत्रासारखी असल्याचे लायनस पॉलिंग यांनी १९५१ मध्ये दाखवून दिले. डीएनएचीही तीच कथा. फ्लोरेन्स बेल या सहकारी संशोधिकेसह ॲस्टबरींनी १९३८ मध्येच त्याची क्ष-किरण छायाचित्रे प्रसिद्ध केली होती. १९५१ मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेत एल्विन बीटन यांनी डीएनएचे सुस्पष्ट छायाचित्र टिपले; त्यातील खूण ॲस्टबरींनी पुढे तपासली नाही. दोनच वर्षांनी वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएची दुहेरी मळसूत्री रचना मांडली.

४ जून १९६१ रोजी ॲस्टबरी निवर्तले. सजीवांचे व्यवहार रेणूंच्या आकारावरून समजून घेता येतात, ही दृष्टी त्यांनी दिली. रेणवीय जीवशास्त्र ही विद्याशाखा त्याच पायावर उभी आहे.