मस्जिद स्टेशनच्या नावातली ‘मशीद’ ज्यूंची आहे, ती बांधणाऱ्या सामाजी दिवेकरांची गोष्ट

शेगाव, मलकापूरवरून रात्री विदर्भ एक्स्प्रेस पकडली की सकाळी मुंबईत सीएसएमटीला उतरायचं. पण त्याच्या अगदी आधी खिडकीतून एक लोकलचं स्टेशन मागे पडतं, मस्जिद. बघणाऱ्याला वाटतं, असेल जवळ एखादी मोठी मशीद. मशिदी आहेतच तिथे. पण स्टेशनला नाव मिळालं ते ज्यूंच्या प्रार्थनास्थळावरून, असं मानलं जातं. आणि ते बांधणाऱ्या माणसाचं आडनाव होतं दिवेकर.

सामाजी हसाजी दिवेकर. हिब्रू नाव सॅम्युअल इझिकेल.

हे होते बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू. पूर्वजांचं जहाज अलिबागजवळच्या नवगावला फुटलं आणि वाचलेली माणसं तिथेच राहिली, ही त्यांच्यातली परंपरागत कथा. पुढे ही मंडळी तेलाचे घाणे चालवायला लागली. शनिवारी शब्बाथ असल्यामुळे त्या दिवशी घाणा बंद, म्हणून गावाने नाव पाडलं शनिवार तेली. आडनावं गावावरून घेतली. किहीमचे किहीमकर, राजपुरीचे राजपूरकर, तसे दिव्याचे दिवेकर.

यांच्याकडे ना रब्बी होता, ना सिनेगॉग, ना हिब्रू पोथ्या. धर्म टिकला तो घरातल्या सणांमुळे. पण सणांची नावं बघा. ज्यूंचं नवं वर्ष म्हणजे ‘नव्याचा सण’. योम किप्पूर हा उपवासाचा दिवस, त्या दिवशी दारं बंद करून घरात बसायचं, म्हणून तो ‘दारफळणीचा सण’. जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या दुखवट्याला वालाचं बिरडं, तर तो झाला ‘बिरड्याचा सण’. म्हणजे सण ज्यूंचे, पण नावं पक्की मराठी.

अठराव्या शतकात बरेच बेने इस्रायली मुंबईला आले आणि कंपनी सरकारच्या फौजेत भरती झाले. सामाजी त्यातलेच, चढत चढत देशी अधिकाऱ्याच्या हुद्द्यावर पोहोचले. म्हैसूरविरुद्धच्या दुसऱ्या लढाईत 1783 साली जनरल मॅथ्यूजच्या फौजेने बेदनूरला टिपू सुलतानापुढे शस्त्रं खाली ठेवली. सामाजी आणि त्यांचे भाऊही कैदेत पडले.

पुढची कथा बेने इस्रायली घरांमध्ये पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. कैद्यांना मारायचं ठरलं होतं. टिपूच्या आईने सामाजींची जात विचारली. त्यांनी यहुदी न म्हणता बेने इस्रायल असं सांगितलं. कुराणात बनी इस्राईल हे नाव वारंवार येतं. ते लोक प्रत्यक्ष समोर उभे आहेत हे कळल्यावर तिने मुलाला सांगून त्यांचा जीव वाचवला.

खरं किती, कथा किती? 1784 च्या मंगळूरच्या तहात कैदी सोडायचं कलम होतं, त्यामुळे सुटका तशीही झाली असती असं म्हणता येईल. पण मॅथ्यूजसकट कितीतरी अधिकारी कैदेतच मेले, हेही तितकंच खरं. कैदेत सामाजींनी नवस केला होता म्हणतात, की जिवंत सुटलो तर मुंबईत देवाचं घर बांधीन.

तो त्यांनी फेडला. 1796 साली मांडवी भागात मुंबईतलं पहिलं सिनेगॉग उभं राहिलं. लोक त्याला मशीदच म्हणायचे, स्वतः बेने इस्रायली सुद्धा. कोकणात दुसरा शब्द होता कुठे? पुढे दुसरं सिनेगॉग झालं तेव्हा ती नवी मशीद आणि ही जुनी मशीद. जवळच्या सॅम्युअल स्ट्रीटला सामाजींचंच नाव दिलंय असं सांगतात.

पण वास्तू बांधून काम संपत नाही. सिनेगॉगला लागतो सेफेर तोरा, म्हणजे चामड्याच्या गुंडाळीवर हाताने लिहिलेला धर्मग्रंथ. छापील पुस्तक चालत नाही, एक अक्षर चुकलं तरी दुरुस्त केल्याशिवाय वाचता येत नाही. मुंबईत तो लिहिणारा कुणी नव्हता. कोचीनला मात्र ज्यूंची जुनी वस्ती होती, तिथलं परदेसी सिनेगॉग 1568 चं. बेने इस्रायलींना हिब्रू प्रार्थना शिकवायला शिक्षकही तिकडूनच यायचे.

सामाजी सेफेर तोरा आणायला कोचीनला गेले आणि 1797 मध्ये तिथेच वारले. दफनही तिथेच झालं. स्वतः बांधलेलं सिनेगॉग त्यांना जेमतेम वर्षभर बघायला मिळालं.

1860 मध्ये ते नव्याने बांधलं गेलं. 1896 साली त्याला ‘शाआर हारहामीम’ हे हिब्रू नाव दिलं, अर्थ दयेचं दार. 1948 नंतर बहुतेक बेने इस्रायली इस्रायलला गेले, आता महाराष्ट्रात काही हजारच उरलेत. जुनी मशीद मात्र सॅम्युअल स्ट्रीटवर मसाल्याच्या आणि सुक्यामेव्याच्या गर्दीत अजून उभी आहे, स्टेशनवरून चालत दहा मिनिटांच्या आत.