थॉमस पेन : एका कारागिराचा मुलगा

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. राज्यशास्त्राच्या पुस्तकातले विचारवंत म्हणजे बड्या घरची, ग्रंथांच्या राशीत वाढलेली माणसे, असे मला वाटे. थॉमस पेनचे चरित्र वाचले आणि हा समज दूर झाला.

पेनचा जन्म १७३७ साली इंग्लंडमधील थेटफर्ड गावी झाला. वडील स्त्रियांची ताठ अंतर्वस्त्रे शिवण्याचा धंदा करीत. तेराव्या वर्षाच्या सुमारास शाळा सुटली आणि मुलगा वडिलांच्या हाताखाली शिवायला बसला. पुढे अबकारी खात्यात नोकरी लागली. १७७४ मध्ये तीही गेली. त्याच वर्षी बेंजामिन फ्रँकलिनचे शिफारसपत्र घेऊन तो अमेरिकेला गेला.

जानेवारी १७७६ मध्ये त्याची 'कॉमन सेन्स' ही पुस्तिका निघाली. केवळ राजाच्या पोटी जन्मल्याने कोणाला राज्य करण्याचा हक्क मिळत नाही, हे त्याने शेतकऱ्याला, सुताराला कळेल अशा भाषेत सांगितले. सहा महिन्यांत अमेरिकेने स्वातंत्र्य जाहीर केले! १७९१-९२ मध्ये 'राइट्स ऑफ मॅन'चे दोन भाग आले. गरिबाच्या मुलाला शिक्षणासाठी वर्षाला चार पौंड आणि पन्नाशी उलटलेल्या गरिबांना सरकारी मदत, असा हिशेबच त्याने त्यात मांडला. इंग्लंडमध्ये राजद्रोहाचा खटला भरून गैरहजेरीतच त्याला दोषी ठरवण्यात आले.

तोवर फ्रान्सने त्याला आपल्या प्रतिनिधिसभेवर निवडून घेतले होते. राजेशाहीचा हा कट्टर विरोधक तेथे मात्र सोळाव्या लुईचा जीव वाचवण्यासाठी उभा राहिला. डिसेंबर १७९३ मध्ये त्याला पकडले. सुमारे दहा महिने तो तुरुंगात होता. 'एज ऑफ रीझन'मध्ये त्याने एक ईश्वर मानला, पण धर्मसंस्थेची सत्ता नाकारली. त्यामुळे अमेरिकेतले मित्रही दुरावले. १८०९ साली न्यूयॉर्कमध्ये तो वारला. वडिलांच्या क्वेकर पंथानेही आपल्या दफनभूमीत जागा दिली नाही. अंत्यविधीला मोजकी माणसे होती.

माझे वडीलही शिवणकाम करतात. हे सारे ऐकून त्यांनी मशीन थांबवले आणि विचारले, की मग त्या माणसाला मिळाले काय? मला उत्तर सुचेना.

ते मला जोतीराव फुल्यांच्या चरित्रात सापडले. १८४७ च्या सुमारास पुण्यात वीस वर्षांच्या जोतीरावांनी 'राइट्स ऑफ मॅन' वाचले. १८४८ मध्ये त्यांनी मुलींसाठी शाळा काढली. त्यामागे इतरही कारणे होती. तरी जन्मावरून माणूस लहानमोठा ठरत नाही, या त्यांच्या विचाराला पेनचे बळ मिळाले.

त्या रात्री मी वडिलांना सांगितले, की आपल्यासारख्यांना ज्या शाळांनी दार उघडले, त्यांच्या पायात एक दगड त्या शिवणाऱ्याच्या पोराचाही आहे.